नानासाहेबांच्या प्लॉटवरची घरं

मुकुंदवाडी, छत्रपती संभाजीनगर
१८ जून २०२५

चि. सौ. प्रेरणा हिस,
लक्ष्मीबाईचे अनेक आशीर्वाद.

इथं आम्ही सगळे बरे आहोत. आमच्या गोकुळची कंपनी चालू आहे, नात श्रेया आठवीत गेली. संघपालला अजून सकाळचीच पाळी आहे का? फोन केला असता, पण तू नुसतं ‘हं’ म्हणशील आणि मी काहीबाही बोलून ठेवून देईन. म्हणून लिहायला बसले. सातवीपर्यंतच शिकलेली आहे, अक्षर गोड मानून घे.

तुझ्या सासूबाई, मुक्ताबाई, गेल्याचं मला दुसऱ्याच दिवशी कळलं. मी आले नाही. सगळ्यांना गुडघ्याचं कारण सांगितलं. गुडघे दुखतात हे खरं, पण शेंद्र्यापर्यंत रिक्षा येते.

पाच वर्षं तुम्ही आमच्या वरच्या खोलीत काढली. दुपारी भांडी आवरली की मुक्ताबाई खाली यायची. आम्ही दोघी जिन्याखाली लसूण सोलत बसायचो आणि तिची नजर शेजारच्या रिकाम्या प्लॉटवर असायची. तिथं प्लॉटचे मालक नानासाहेब एक खोली अन् स्वयंपाकघर अशी चोवीस घरं बांधणार होते, कामगारांना परवडतील अशी. तिच्या संघपालनं त्यात नाव नोंदवलं होतं.

‘मला खालचंच घर पाहिजे, लक्ष्मीबाई,’ ती म्हणायची. ‘जिना नाय चढवत आता.’

‘मिळंल की,’ मी म्हणायची.

पुढं कॉलनीतल्या लोकांनी महापालिकेत हरकतीचा अर्ज दिला आणि घरांचा नकाशा मंजुरीला अडकला. अर्ज कुणी दिला, असं मुक्ताबाईनं मला विचारलं होतं. ‘काय की बाई, मोठ्या लोकांची कामं,’ म्हणाले मी.

प्रेरणा, तो अर्ज आमच्याच ओसरीवर लिहिला. पहिली सही माझी. पाणी पुरणार नाही, गाड्यांची गर्दी होईल, असं बरंच लिहिलं होतं. शेवटचं वाक्य मी सुचवलं. कसले कसले लोक येऊन राहतील, आमच्या लेकीबाळींनी कसं वावरायचं. मी हे बोलत होते तेव्हा मुक्ताबाई वर खोलीत होती. तिच्या चालण्याचा आवाज खाली येत होता.

पाण्याचं निमित्त होतं. आमच्या तीन खोल्या भाड्यानं आहेत. शेजारीच स्वस्त घरं झाली तर त्या कोण घेणार? नकाशा अडकला आणि दुसऱ्याच महिन्यात गोकुळनं तुमचं भाडं वाढवलं. आता तुम्ही जाणार कुठं, असं धरूनच वाढवलं. मीही धरलं होतं. संघपाल दोन महिन्यांची मुदत मागायला आला तेव्हा मी आत देवापाशी बसून राहिले. पूजा केव्हाच झाली होती.

फेब्रुवारीत तुम्ही शेंद्र्याच्या पुढं गुंठेवारीतल्या पत्र्याच्या खोलीत गेलात. तुमचं सामान नेणारा बन्सी रिक्षावाला मधूनमधून सांगायचा, तिथं झाड नाही, टँकर चार दिवसांनी येतो, म्हातारी ओलं लुगडं अंगावर घेऊन बसते. मी ऐकून घ्यायची आणि त्याला चहा द्यायची.

आता जे लिहिते ते तुला कुणीच सांगितलं नसेल, कारण कुणाला माहीत नाही. ती गेली त्याच्या दोन दिवस आधी तिनं मला फोन केला होता. म्हणाली, ‘पत्रा लई तापतो. बन्सी दुपारचा तिकडं येतो, त्याच्यासंगं येऊन बसू का तुमच्या जिन्याखाली? ऊन कलल्यावर जाईन.’

मी म्हणाले, ‘आज नको, पाहुणे आलेत. उद्याही आहेत.’

‘बरं, राहू द्या,’ म्हणाली.

पाहुणे नव्हते. तिच्याशेजारी बसून पुन्हा खोटं बोलायचा धीर नव्हता मला. तिसऱ्या दिवशी तू कामावरून आलीस तेव्हा ती बोलत नव्हती, हे मला गोकुळकडून कळलं.

सोमवारी मी सही मागं घ्यायला महापालिकेच्या कार्यालयात गेले. खिडकीतली बाई म्हणाली, ‘आजी, तो प्लॉट विकला गेला. तिथं आता चार बंगले होणार. नकाशा मंजूर झाला.’

‘कुणी हरकत नाही घेतली?’

‘बंगल्यांना कोण हरकत घेतं?’

तुमच्या खोलीत आता दोन पोरं राहतात, तुमच्याहून जास्त भाडं देऊन. त्यामुळं परत या असंही मला म्हणता येत नाही. गोकुळला यातलं काही बोलले नाही. हे पत्र तू संघपालला वाचून दाखव. त्याला इकडं येऊन चार लोकांत बोलायचं असेल तर येऊ दे. मी दार लावून घेणार नाही.

उत्तर नाही आलं तरी चालेल, असं लिहिणार होते. पण तेही खोटंच झालं असतं. मी वाट बघते.

लक्ष्मीबाई