कच्च्या टाक्याचं पत्र

५ फेब्रुवारी

चि. बडबडीस,

अनेक आशीर्वाद. त्यातला एखादा जपून ठेव, मला उसना लागेल.

मी ज्यांच्याकडे कारागीर होतो त्या मास्तरांच्या मुलीचं पत्र आलंय की त्यांचं शिवणकामाचं दुकान महिनाअखेर बंद होतंय. मास्तर चौऱ्याऐंशीचे झालेत आणि त्यांनी त्यांची मोठी कात्री माझ्यासाठी काढून ठेवलीय. एकतीस वर्षांनी! ज्या माणसानं माझं गुपित बाबांच्या कानावर घातलं, तोच आता मला कात्री देणार.

घरात कोळशाबद्दल फक्त तुला ठाऊक होतं. शेजारच्या लाँड्रीतला, कोळशाच्या इस्त्रीनं कायम बोटं काळी असलेला माझा कोळशा. बाबांना दिसत नसे म्हणून माझी पत्रं तू वाचून दाखवायचीस, आणि तुझ्यापुरता कागद मी पांढऱ्या दोऱ्याचे कच्चे टाके घालून बंद करून धाडायचो. सोळा वर्षांची पोर, पण तू सगळं पोटात ठेवलंस. मास्तरांनी मात्र आम्हांला लाँड्रीमागे पाहिलं आणि आठवड्यात बाबा नि काका दुकानाच्या दारात हजर. काकांनी कोळशाचा उजवा हात पिरगाळून मोडला. मी पायऱ्यांवर उभा होतो. हललो नाही गं मी.

त्या गल्लीत पुन्हा पाय ठेवायच्या विचारानंच घाम फुटतो. तरी जाणार आहे. म्हाताऱ्याला एकच विचारायचंय, का सांगितलंत? आमचे गृहस्थ सोबत येतो म्हणून हटून बसलेत. वीस वर्षं बसगाड्यांचे नटबोल्ट पिळले, त्यांना वाटतं भीतीही पान्यानं सैल होते. त्यांना नको म्हटलंय. तुझ्या घरी मी अजून बिनलग्नाचा तिरसट मामाच ना? तसाच राहू दे.

लोभ आहेच, वाढवलास तर हरकत नाही.

तुझा दादा


११ फेब्रुवारी

ती. दादास,

सा. न., आणि वि. वि. एकच: जाऊ नकोस.

तुझं ब्लडप्रेशर काय, तू निघालास कुठे! तिथली माणसं तीच असतील, कोणी ओळखलं तर? काकांसारखे लोक संपलेत असं समजू नकोस. कात्री पार्सलनं मागव. आणि म्हाताऱ्या माणसाला या वयात काय ते खोदून विचारायचं? त्यांना आठवणारही नाही. आठवलं तरी भलतंच आठवेल.

तुझं पत्र आल्यापासून माझं लक्ष नाही. काल औषधाच्या काउंटरवर एका आजीबाईंना गोळ्यांची भलतीच पट्टी देत होते. त्यांनीच ओळखली म्हणून बरं. हे विचारत होते की झालंय काय. ॲसिडिटी म्हणून सांगितलं.

दादा, ऐक माझं. पाया पडते.

लोभ कमी करू नकोस, काही झालं तरी.

बडबडी


१९ फेब्रुवारी
(मुक्काम लॉज, खोलीची कडी दोनदा तपासून)

चि. बडबडीस,

आशीर्वाद. जाऊन आलो.

जीव मुठीत धरून गेलो. बावन्न वर्षांचा बाप्या, पण गल्लीच्या तोंडाशी पाय उचलेना. लाँड्रीच्या जागी मोबाइलची कव्हरं विकतात. पायऱ्या त्याच. तिथं चार तरुण बसले होते, त्यातला एक उठून माझ्यामागे आला. मी भरभर, तोही भरभर. शेवटी त्यानं गाठलंच. माझा पडलेला रुमाल द्यायला आला होता!

मास्तर अगदी वाळलेत. त्यांच्या मुलीनं टेबलाच्या खणातून एक गठ्ठा काढला. मास्तरांनी मला धाडलेली आणि मी न फोडता परत केलेली पत्रं. पहिलंच फोडलं. कोळशाचा पत्ता होता. हात नीट जुळला नाही पण डाव्यानं इस्त्री शिकतोय, तुझी वाट बघतोय, असं लिहिलं होतं. मुलगी म्हणाली की तो चार वर्षांपूर्वी गेला.

मग मी विचारलं. मास्तर बराच वेळ सुईत दोरा ओवत राहिले, तो काही ओवला जाईना. शेवटी म्हणाले, हो, मीच सांगितलं, माफ कर. त्यांनी दिलेली कात्री मी टेबलावर ठेवली आणि उठलो. गल्ली ओलांडेपर्यंत मागून कोणीतरी येतंय असंच वाटत होतं.

चार दिवस इथंच आहे. घरी जाऊन गृहस्थांना काय सांगू, सुचत नाही. लोभ असू दे गं.

दादा


२२ फेब्रुवारी

ती. दादास,

नमस्कार करायचा मला हक्क आहे का, माहीत नाही. हे कुरियरनं लॉजवर पाठवतेय.

मास्तरांनी सांगितलं नाही. मी सांगितलं.

तुझं तेव्हाचं ते टाके घातलेलं पत्र दुपारी आलं. मला धीर कुठला! माडीवर जाऊन टाके उसवले, वाचलं, हसले, आणि खालून बाबांची हाक आली. कागद एकात एक मिसळले. दोरा नव्हता, अक्षर तेच, मी नेहमीसारखी घाईनं वाचत सुटले. कोळशाचं नाव तोंडातून गेलं तेव्हा थांबले. बाबा म्हणाले, पुढं वाच. माझी बोबडी वळली होती, पण वाचलं. शेवटपर्यंत वाचलं, दादा. खोटं वाचता आलं असतं. सुचलंच नाही.

तू मास्तरांवर रागावलास आणि मला सुटल्यासारखं वाटलं. मग दरवर्षी सांगायचं ठरवलं, आणि दरवर्षी भ्याले की तू पत्र लिहायचा थांबशील. तुझ्या कोळशाचा पत्ता माझ्यामुळे त्या खणात पडून राहिला.

काय मागू? लोभ असावा असं लिहायचं धाडस होत नाही.

बडबडी


३ मार्च

चि. बडबडीस,

पहिले काही दिवस आशीर्वाद देववेना, म्हणून उशीर. राग आला. खूप आला. तुझी ही दोन्ही पत्रं फाडलीसुद्धा.

पण लॉजवरून थेट मास्तरांकडे गेलो होतो. खोटं का बोललात म्हणून विचारलं. एकतीस वर्षांपूर्वी बाबांनी ते पत्र त्यांच्यासमोर नाचवलं होतं म्हणे. त्यावर सुईच्या भोकांच्या रांगा मास्तरांनी ओळखल्या. वाचलं कोणी, असं विचारल्यावर बाबा म्हणाले, मुलीनं. मास्तरांचं म्हणणं असं, की त्यांना दुसरा कारागीर मिळाला असता, त्या पोरीला दुसरा भाऊ कुठून आणायचा? मी त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून रडलो. कात्री घेऊन आलोय.

कोळशा परत येणार नाही, बडबडे. ते दुःख मी तुझ्यापासून लपवणार नाही आणि तुझ्या माथीही मारणार नाही. सोळा वर्षांची होतीस. मी एकवीसचा असून हललो नव्हतो.

आतला कागद टाचलाय. टाके उसव. मात्र या वेळी माडीवर नको, सगळे जेवायला बसले असतील तेव्हा, मोठ्यानं वाच. मला तुझ्याइतकीच भीती वाटतेय.

लोभ आहे. होताच.

दादा


९ मार्च

ती. दादास,

सा. न. वि. वि.

काल वाचलं. हे, मुलं, सगळे ताटांवर होते. टाके दातांनी तोडले. वीस वर्षं तू कोणासोबत राहतोस ते वाचलं, आणि पुढच्या महिन्यात दोघं आमच्याकडे येऊ का, असं विचारलंयस तिथं थांबले.

मग हे म्हणाले, पुढं वाच.

माझ्या हातातला कागद खाली पडला, दादा. यांनी वाकून तो उचलला, माझ्या हातात दिला आणि म्हणाले, गाडी किती वाजता पोचते ते वाच, स्टेशनवर घ्यायला जायला हवं.

लोभ घेऊन या. दोघंही.

बडबडी