तुझं पान उसवलं

अखमीम,
बकरी ईदनंतरचा दुसरा बुधवार

लाडके इन्साफ,

आईचा सलाम. तुझा नवा नवरा, त्याचं सुएझचं घर, सगळं सुखात असेल असं मी धरून चालते. तू कळवत नाहीस ना. मी सांगतेय आणि तुझ्या बसीमाच्या अंधशाळेतल्या अफकारबाई लिहितायत. अक्षर सुरेख आहे असं त्याच म्हणतात. मला सगळ्या मुंग्याच.

इकडे ठीक. कबुतरांनी अंडी घातली. माझ्या पोटातली गाठ वाढलीय, ते नंतर.

ईदला तू आलीस आणि दारातूनच परतलीस. मी रोट्यांच्या रांगेत होते. शेजारीण म्हणाली, "तुझी लेक रडत बसकडे गेली." आधी ऐक, मग रुस.

बाईंनी माझ्याकडून पोरीसाठी कापडी चित्रांचं पुस्तक शिवून घेतलंय. बोटांनी बघायचं. एका पानावर चहाचा पेला, कुठवर भरायचा ते जाड दोऱ्याने दाखवलेलं. एका पानावर गॅसचं बटण. शेवटी दार, आणि आपली माणसं, ज्याच्या त्याच्या कपड्यातून कापलेली. कुणी आलं की साखळी न काढता फटीतून त्याची बाही चाचपायची. पुस्तकात असेल त्यालाच उघडायचं.

तुला मी तुझ्या जुन्या मखमली झग्यातून कापलं होतं. तू आलीस नव्या सुळसुळीत कपड्यात. "मी आई," म्हणालीस म्हणे. तू गेलीस तेव्हा ती अंगावर पीत होती, आवाज कुठून ओळखणार? "खोटं! माझी आई मऊ आहे," म्हणाली आणि दार लावलं.

धडा चोख गिरवला कार्टीने. शाबासकी द्यावी की थोबाडीत, अजून ठरत नाही.

त्यानंतर दोनदा निरोप धाडला, त्या नव्या झग्याची चिंधी पाठव म्हणून. तुमच्या घरात कात्री नाही का गं? "हे लिहू?" बाई विचारतायत. लिहा की! शाई काय तुमच्या बापाची आहे?

शनिवारी मला असयूतच्या इस्पितळात नेणार. तिथून चालत परत आलेली बाई आमच्या गल्लीत तरी नाही. पोरीला कुणी ठेवून घेत नाही. तुझ्या मामीनेही हात वर केले. वसतिगृहाची बाई शुक्रवारी न्यायला येतेय. तिने न मागता एप्रनचा तुकडा पाठवला. कडक आहे, फिनेलचा वास येतो. काल तुझं पान उसवून तिथे तो शिवला.

बसीमाने बोट फिरवलं. "ही कोण, आजी?"

"तुला न्यायला येणार."

"टोचते."

"सवय होईल."

शुक्रवारी दार वाजेल, पोरगी बाही चाचपेल आणि साखळी काढेल. चुकायची नाही. मीच शिकवलंय.

शुक्रवारपर्यंत तिची आजी,
आणि तुझी कायमची
आई