मुदत वाढेल का?

९ फेब्रुवारी, दुपार

प्रिय ताई,

फोनवर नुसतं ‘आई येतेय, स्टेशनवर ये’ म्हटलं आणि ठेवून दिला, म्हणून चिडली असशील. चीड, पण आईच्या पिशवीतून पाठवलेलं हे पत्र संपेपर्यंत आईसमोर काही बोलू नकोस. तिच्या डोळ्यांचे थेंब पिशवीच्या बाहेरच्या कप्प्यात आहेत. तिच्या डावीकडे बसून बोललीस तर तिला चेहरा कळतो. उजवा डोळा आता नावालाच उरलाय. गाडीत शेजारच्या बाईंना सोबतीला दिलं होतं, त्यांना आईने बोलून बोलून बेजार केलं असणार. मी बरा आहे. थंडी फार आहे, सकाळी नळाला पाणी येत नाही.

भावजींना नमस्कार सांग. की नको सांगूस. पुढे वाच, मग ठरव.

माझ्या कामाचं तुला ठाऊक आहे. आपल्या देशाने राष्ट्रांच्या संघातून बाहेर पडायची नोटीस दिली आणि कलमं लिहिणाऱ्या आमच्या तुकडीची झोप उडाली. संघाच्या करारातला बाहेर पडायचा नियम तसा साधा आहे. नोटीस दिली की दोन वर्षं मिळतात. तेवढ्यात बोलणी जमली तर ठीक, नाही तर तारीख आली की आपोआप बाहेर, मग हातात काही असो वा नसो. मुदत वाढवायची तर उरलेल्या एकूण एक देशांचा होकार लागतो. आणि ते आपसात बसले की आपल्या माणसाने उठून खोलीबाहेर जायचं. आमच्या मुख्य बाई वैतागून म्हणतात, ‘दाराबाहेर उभं राहून घराच्या वाटण्या करायच्या, असला प्रकार आहे हा.’

गेल्या वर्षीपासून एक गोष्ट खुपायला लागली. आम्ही एखाद्या मुद्द्यावर अडून बसलो की समोरचे, संघाचे लोक, वादच घालायचे नाहीत. पेन खाली ठेवायचे, पाण्याचा घोट घ्यायचे. काही आठवड्यांनी आम्ही नरमायचो, तेव्हा त्यांच्याकडे त्याचा मसुदा तयार असायचा. मासेमारीचं तेच, बंदरांचं तेच. कुठेतरी पाणी मुरतंय, असं सगळेच म्हणायला लागले. फोन दाराशी जमा व्हायला लागले, प्रिंटरला कुलूप लागलं. एकत्र जेवणारी माणसं आपापल्या टेबलावर डबे उघडून बसू लागली. जो आत येईल त्याला बघून दुसरा कागद पालथा घालायचा. मीही घालायचो.

मग मुख्य बाईंनी एकेकाला आत बोलावलं. माझी पाळी आली.

‘संघातल्या देशांत कोणी नातेवाईक?’

‘सख्खी बहीण.’

‘मेहुणे काय करतात?’

‘तिथल्याच परराष्ट्र खात्यात भाषांतर करतात.’

बाईंनी चष्मा काढून पुसला. त्यापेक्षा त्यांनी झापलं असतं तर बरं झालं असतं.

जानेवारीत तुझा फोन आला. आईची चौकशी झाली आणि तू विचारलंस, ‘मुदत वाढेल का रे?’ मी काहीतरी बोलून टाळलं. पुढच्या रविवारी पुन्हा तेच. या वेळी मागून भावजींचा आवाज आला, ‘विचारलंस का त्याला?’

माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली, ताई. लहानपणापासून तू माझं एकही गुपित बाहेर पडू दिलं नाहीस, हे त्या क्षणी आठवलंसुद्धा नाही. मी तुला म्हणालो, ‘मुदतवाढ मागायचं ठरलंय आणि ती नक्की मिळणार. कोणाला सांगू नकोस.’

ते खोटं होतं. समोरच्यांच्या तोंडून मुदतवाढीचा शब्द निघतो का, हे मला बघायचं होतं. मी तुझ्यासाठी सापळा लावला होता.

पुढच्या तिन्ही बैठकांत मी त्यांच्या तोंडांकडे टक लावून बसलो. चकार शब्द निघाला नाही. शेवटी कॉफीच्या मशीनपाशी त्यांचे म्हातारे वकील भेटले, तेव्हा न राहवून विचारलं, ‘आमचं सगळं तुम्हाला आधी कळतं कसं?’

‘कळायला काय लागतं?’ ते म्हणाले. ‘तारीख तुमच्याच नोटिशीने ठरलीय. ती जवळ आली की तुम्हीच खाली उतरता. आम्ही फक्त घाई करत नाही.’

मला भुलवायलाच बोलत असतील, असंही वाटलं.

त्या रविवारी घरी गेलो, तर आई भरलेली पेटी रिकामी करत होती. ‘अगं, तू ताईकडे राहायला निघणार होतीस ना?’

‘ताई म्हणाली, मुदत वाढतेय, तर एवढ्या गारठ्यात कशाला येतेस? उन्हाळ्यात ये. जावईबापू खालची खोली रंगवताहेत, घाईने रंगवायचे ते आता सावकाश रंगवतील.’

स्वेटर हातात घेऊन मी तसाच उभा राहिलो. तुम्ही दोघं एवढ्यासाठी विचारत होता.

आमची तारीख मार्चअखेरची आहे. त्याआधी रहिवासी म्हणून नोंद झालेल्यांना तुमचा देश राहू देणार. त्यानंतर आई परकी. परवान्याच्या रांगेत तिला वर्षानुवर्षं कोण उभं करणार? मी बाईंकडे गेलो. ‘बहिणीला एवढंच सांगू का, की आईला लगेच ने?’

‘त्यावरून ती काय समजेल?’

‘सगळंच समजेल.’

‘मग नाही सांगायचं.’ आणि खाली बघत, ‘मला वाईट वाटतंय हो.’

ताई, मुदतवाढ मागायचीच नाही, असं वरून ठरलंय. प्रत्येकाचा होकार मिळवायचा म्हणजे प्रत्येकाची वेगळी मागणी मान्य करायची, हे वरच्यांना नकोय. तू खोलीच्या रंगाची वाट बघू नकोस. उद्याच जाऊन आईची नोंद कर.

तर आता बातमी खरोखरच फुटली. ती भावजींना सांगितलीस तर वर कळवणं हे त्यांचं कामच आहे, आणि न कळवता गप्प बसले तर त्यांची नोकरी जाईल. हे ओझं मी तुझ्या डोक्यावर ठेवलंय, माहीत आहे मला. उद्या सकाळी पुन्हा बैठक आहे. समोरचं कोणी माझ्याकडे बघून सहज हसलं, तरी मला तूच आठवशील. या संशयाची लाज वाटते, पण तो जात नाही.

‘माझा तुझ्यावर पूर्ण विश्वास आहे’ असं लिहायला धजत नाही. आईला तुझ्या हाती दिलंय, त्यावरून काय ते समज.

तुझा भाऊ