गेंडा भुंगा आणि पाणढेकूण

३ ऑगस्ट १९९१
अखेर मीरा रोडला आले. दुसरा मजला, हवेशीर गॅलरी, समोर खाजण. टँकर एक दिवसाआड येतो, म्हणून मोरीत मोठं पिंप घेतलंय. शेजारी सोसायटीचे सेक्रेटरी पंढरीनाथ. जिन्यातल्या दिव्याखाली दोन दांडगे किडे पडले होते. दोन्हींना 'झुरळं' म्हणून त्यांनी चप्पल उचलली. मी संग्रहालयात तीस वर्षं कीटकांच्या पेट्या लावल्या. असला अडाणीपणा सोसत नाही. दोन्ही जिवंत होते, घरी आणले.

४ ऑगस्ट
सेक्रेटरींच्या ज्ञानासाठी तक्ता करतेय, नोटीस बोर्डावर लावीन. गेंडा भुंगा: डोक्यावर शिंग, पाठीवर कडक कवच, माडाचा कोंब कुरतडतो, माणसाला निरुपद्रवी. पाणढेकूण: चपटा, बोटभर लांब. कुरतडत नाही. सोंड खुपसून आत रस सोडतो आणि भक्ष्य आतून पातळ झालं की शोषून घेतो. भुंगा डब्यात, हा पिंपात. भांडी घासायला येणारी नवघरची सरूबाई म्हणाली, "बाई, भुंगा काय करत न्हाय. ह्यो पान्यातला हाय, घरात ठेवू नका." आता हिने मला शिकवायचं.

६ ऑगस्ट
भुंगा निसटून पिंपात पडला होता. काढला तर शिंग, पाय, कवच सगळं शाबूत, वजन मात्र नाही. फुंकरीने उडाला. पाणढेकूण तळहाताएवढा दिसतोय. पंख फुटल्यावर कीटक वाढत नाहीत, तेव्हा आधीचं माप माझंच चुकलं.

८ ऑगस्ट
पाणी काढताना उजव्या तर्जनीला डंख. दुखलं नाही. सरूबाईने सांगितलं असावं, पंढरीनाथ दारात येऊन म्हणाले, "मावशी, रिक्षा आणतो, डॉक्टरला दाखवून टाका." झुरळ न ओळखणाऱ्याचा सल्ला. दार लावून घेतलं.

९ ऑगस्ट
नख जागेवर. कातडी जागेवर. बोट दाबलं की दोन्ही बाजू एकमेकींना टेकतात —

१० ऑगस्ट
डाव्या हाताने लिहितेय. उजवा कोपरापर्यंत — पिंपात तो नाही. सरूबाईने बाहेरून हाका मारल्या. ओ द्यायला गेले, घशातून नुसती हवा.

११ ऑगस्ट
पाय धरत नाहीत. भिंतीपलीकडे पंढरीनाथांचा रेडिओ. त्या अडाण्यालाच बोलवायची वेळ — उजव्या हाताने भिंत ठोकली. जोर लावून. आवाज कागद आपटावा तसा. रेडिओ चालूच. आता पेन ठेवते, डाव्याने ठोकते — पण डाव्या करंगळीतही