चौकशीला आलेला माणूस

मुर्री (गोंदिया),
२७ सप्टेंबर २०११

प्रिय खुशबू,

मामाचा जयभीम. इकडे सर्व ठीक. धान निसवायला लागले आहे. मामीचा गुडघा दुखतो, पण ऐकत नाही. नागपूरला जेवणाचे हाल होत नाहीत ना?

तुझी निवड ज्या गुप्तचर खात्यात झाली, त्याचा माणूस काल नेमणुकीआधीच्या चौकशीला आला होता. तुला लहानपणापासून आम्हीच वाढवले, म्हणून आमच्याकडे. नाव शालीकराम सांगितले, असेलही. पायात चप्पल, बोली आपल्याकडचीच.

"कामठ्याचं भाषण आयकलो जी मी तुमचं. टाळ्या बी वाजवलो."

"तुम्ही?"

"नाही वाजवलं तं लोकाईले शंका येते न जी!"

मी हसलो. हसायला नको होते.

ते भाषण याच खात्यावर होते. १८८७ साली इंग्रजांनी ठगांना पकडणाऱ्या खात्यात काही माणसे गुपचूप बसवली. काम ठगांचे नाही; सभा ऐकायच्या, कोण कोणाकडे जातो ते कळवायचे. सत्तेचाळीसला झेंडा बदलला, काम चालू राहिले. संसदेच्या कायद्याने जे खाते उभेच राहिले नाही, त्याला जाब विचारायचा कुठे? असे मी घसा फोडून विचारले होते. आणि घरी येऊन तुला म्हणालो, ज्यांच्यावर पाळत राहिली त्यांच्याच मुलींनी आत जाऊन बसले पाहिजे. अर्ज तू माझ्या शब्दावर केलास.

चहाचा कप खाली ठेवत तो सहज म्हणाला, "पोरगी तं सांगून राहिली होती, मामासंगं बोलणंच नाही म्हणून."

माझ्या भाषणांपायी तुझी निवड अडू नये म्हणून मी म्हणालो, "खरं आहे. बरीच वर्षं झाली."

तेवढ्यात आतून मामी: "अजी, परवाच तं फोन आला पोरीचा! काऊन खोटं बोलून राहिले?"

चहा चांगला झाला, एवढेच तो म्हणाला आणि सायकल घेऊन गेला.

आता मला कळेनासे झाले आहे. एकाला सांगायचे, दुसरा आधीच बोलला आहे, आणि मग गंमत पाहायची, ही हेरांची जुनी रीत. मीच लोकांना समजावून सांगतो. तू तसे म्हणालीच नसशील, तर माझ्या खोटेपणामुळे तुझी नोकरी जाईल. म्हणाली असशील, तर राग नाही. मीही तेच म्हणालो.

मामीने निकाल लावला: "माही पोरगी असं बोलतच नाही." आणि माझ्याशी अबोला धरला. मला तिच्यासारखे जमत नाही.

एक गोष्ट लिहायची नव्हती. परवा फोनवर तू विचारलेस, "मामा, यंदा अर्जुनी मोरगावच्या सभेत कशावर बोलणार?" मला किती आनंद झाला होता! सगळे मुद्दे सांगितले, कोण कोण येणार तेही सांगितले. काल तो माणूस गेल्यापासून एकच विचार डोक्यात आहे. एवढ्या वर्षांत तू माझ्या भाषणाचा विषय कधी विचारला नव्हतास. याच वर्षी कायले?

पाहिलेस? हजार लोकांपुढे मी ज्याला विष म्हणतो, ते एका कप चहात माझ्या घरात उतरले.

उत्तर पाठवू नकोस. "मी तसे म्हणाले नाही" असे लिहिलेस, तरी ते तू लिहिलेस की तुला लिहायला शिकवले, हे मी तपासत बसेन. नोकरी मिळाली तर सोडू नकोस. त्या बाबतीत माझे मत बदललेले नाही. अर्जुनीला मी बोलणार, ठरवलेलेच बोलणार.

फोन मात्र करत जा. मामी उचलेल. तिला पोटभर बोलू दे. तुम्ही बोलत असाल तोवर मी बांधावर जाऊन बसेन, म्हणजे पुन्हा कोणी विचारले, तर आपण दोघे खोटे ठरणार नाही.

तुझा, आणि विचारतील तिथे तुझा कोणी नसलेला,
सेवकराममामा