परांचीमागचं दुकान

४ फेब्रुवारी
दुकानाचा बोर्ड बदलायचा. फायनल. पत्र्यावर रंगवलेलं ‘भोईर चष्मेवाले’ आता पुरे. बारा फुटी एलईडी : ‘सहदेव व्हिजन वर्ल्ड’. कल्याण स्टेशनातून उतरलेल्या माणसाला शोधावं लागता कामा नये.
मालन म्हणाली, अहो, आपली बिल्डिंग हेरिटेजच्या यादीत आहे, दर्शनी भागाला हात लावायला परवानगी लागते, जिन्यात नोटीस आहे. नोटीस मी वाचलेली नाही. पण असल्या गोष्टी भाडेकरूंसाठी असतात. (आपणही भाडेकरूच आहोत, असं तिचं म्हणणं. मुद्दा वेगळा आहे.)

६ फेब्रुवारी
बोर्डवाला चंदू आला. बांबूची परांची बांधली, जुना पत्रा उतरवून भंगारात. वरच्या लाकडी नक्षीतला एक मोर मध्ये येत होता. चंदूने दोनदा विचारलं, शेट, नक्की कापू? म्हटलं, काप. मोराला तशीही चोच नव्हती.

७ फेब्रुवारी, दुपारी
हेरिटेज विभागाच्या माधवी मॅडम आल्या. वयाने लहान, त्यामुळे चहा विचारला. घेतला नाही. फोटो काढले, नोटीस चिकटवली. काम बंद, जागा जैसे थे.
मी चंदूला परांची सोडायला सांगितलं, तर मॅडम म्हणाल्या, ती नक्षीच्या वाशांना बांधलीय, तज्ज्ञ बघेपर्यंत एक गाठ सोडायची नाही, उरलेलं अंगावर येईल.
एक आडवा बांबू दारासमोर छातीएवढ्या उंचीवर आहे. वाकून आत जावं लागतं. पाठीला चांगलं. आठवड्याचा तर प्रश्न आहे.

१६ फेब्रुवारी
नियम वाचले. बोर्ड चौकटीबाहेर नको. आतून उजेड नको. भिंतीत खिळा नको. जुना पत्रा चालला असता, कारण तो जुना होता. आता तोच परत लावला तरी नवीन धरतील.
अर्जात मुद्दाम बारा फूटच लिहिले. ते दहा म्हणतील, मी मोठ्या मनाने मान्य करीन.

३ मार्च
आत येताना वाकलेल्या एका आजोबांचं कपाळ बांबूला आपटलं, चष्मा फुटला. चष्मेवाल्याच्या दारातच फुटला, याला योग म्हणतात. ते मात्र समोरच्या दुकानात गेले.
दिवसभरात बाकी कोणी नाही. दोघांनी विचारलं, दुकान पाडताय का?

१९ मार्च
मालन नंबर तपासायचं मशीन ठाकुर्लीला बहिणीच्या तळमजल्यावर घेऊन गेली. तात्पुरतं. डिप्लोमा तिचा, नंबर तीच काढते. पण दुकानाचा चेहरा मी.
जाताना म्हणाली, तुम्ही इथे बसा, कोणीतरी बसायला हवं. म्हणजे हे हेड ऑफिस झालं.

२२ एप्रिल
हेरिटेज समितीची मीटिंग पुढे ढकलली. तिसऱ्यांदा. आज डबा खाताना बांबूंतून रस्ता बघत होतो. पिंजऱ्यातून कसं दिसत असेल, असा उगाच विचार आला. शटर ओढायलाही जागा नाही, त्यामुळे दुकान सोडून कुठे जाता येत नाही.
तसा मीच कुठे जात नाही.

१४ मे
सुनावणी. भाषण पाठ केलं होतं : वारसा आणि व्यवसाय, पाच मुद्दे. त्यांनी एवढंच विचारलं, मोर कुठे आहे. मी म्हटलं, चंदूने कापला. चंदू बाहेरच उभा होता. आत येऊन शांतपणे म्हणाला, मी दोनदा विचारलेलं.
लेखी माफी दिली. मुद्दे कागदावर जोडले आहेत.

१२ जून
परवानगी आली. जाणकार कारागिराकडून मोर घडवून घेणे. बोर्ड लाकडी, अडीच फूट. परांची सोडली.
सरळ उभा राहून आत गेलो. चार वाजेपर्यंत बसलो. कोणी आलं नाही. सवयीने बाहेर पडतानाही वाकलो.
मालनला सांगायला ठाकुर्लीला गेलो. ओटीवर, पायऱ्यांवर माणसं बसलेली. ती एका बाईंना अक्षरं वाचायला लावत होती. म्हटलं, अगं, परवानगी मिळाली. मशीन कधी हलवायचं?
तिने मान वर केली नाही. म्हणाली, मशीन इथेच राहू दे. लोकांना घर सापडलंय. तुम्ही बसा, बोलू.
बसलो. शेजारच्या माणसाने विचारलं, तुमचा कितवा नंबर?
मोजला. नववा.