मुरायला घातलेली साखर

१७ मे, रविवार. सकाळ.

अधिक महिना लागला. प्लॅन तयार आहे. आधी परिस्थिती नीट लिहून काढतो.

दमयंती संक्रांतीनंतर हिमानीकडे पुण्याला गेली. आठ दिवसांसाठी. आठ दिवस जरा लांबले आहेत. पोरीची नोकरी, जावयाची नोकरी, घरात मोठं माणूस हवंच. अडकली आहे बिचारी. शेजारची सुलेखा म्हणते, काका, काकू रुसून गेल्यात. काहीतरीच. संक्रांतीला पाहुण्यांसमोर मी एवढंच म्हणालो होतो की या गुळाच्या पोळीला माझ्या आईच्या हातची सर नाही. आणि विषय निघालाच म्हणून आईवरची एक शाळेतली कविता चालीत म्हटली. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. यात रुसण्यासारखं काय आहे?

शिवाय पुरावा आहे. जायच्या आदल्या दिवशी तिनं काचेच्या चार बरण्या भरल्या. एकीत साखर आणि अख्खे वेलदोडे, दुसरीत दालचिनी, तिसरीत जायफळ आणि केशर, चौथीत सुंठ-बडीशेप. ही साखर पाच-सहा महिने मुरू द्यायची, मग नानखटाईला, केकला, खिरीला वापरायची. जाताना म्हणाली, अहो, बरण्यांना हात लावू नका. आता, कायमची जाणारी बाई साखर मुरायला घालून जाईल का? बाई जिथं साखर मुरायला घालते, तिथंच तिला राहायचं असतं. हा नियम माझा मी काढला आहे आणि त्याला तोड नाही.

प्लॅन असा : अधिकात जावयाला धोंड्याच्या जेवणाला बोलवायचं, तेहतीस अनारसे वाण द्यायचे. आपल्याकडची रीतच आहे. जावई आले की हिमानी येईल. हिमानी आली की दमयंती येईल. एकदा आली की राहीलच.

अनारसे मात्र नकोत. तुपात सोडल्यावर अनारसा फुटून पसरला की बायका म्हणतात अनारसा हसला. या वयात माझ्यावर अनारशांनी हसावं हे मला चालणार नाही. त्याऐवजी तेहतीस नानखटाया. मसाल्याच्या साखरेच्या. मी स्वतः करणार. ती दारातूनच बघेल आणि तिला कळेल.

संकल्प : तिच्या बरण्यांना हात लावायचा नाही. आपली साखर आपण मुरवायची.

१८ मे, सोमवार.

फोन केला. जावई श्रीरंगराव म्हणाले, बघतो बाबा, ऑफिसचं काय होतं ते. म्हणजे कन्फर्म. हिमानी म्हणाली, आईला विचारून सांगते. मागून बायकांच्या हसण्याचा आवाज येत होता. विचारलं तर म्हणाली, आई सोसायटीतल्या काकूंना बिस्किटं शिकवतेय, ऑर्डरी पण येतात आता. बरं आहे. वेळ जायला काहीतरी हवंच तिला माझ्यावाचून.

२० मे, बुधवार. दुपार.

गुलमंडीतून वेलदोडे, दालचिनी, जायफळ आणलं. दुकानदारानं विचारलं, घरी काय लग्न आहे का? म्हटलं, तसंच समजा.

माझी सगळी नोकरी शाळेच्या ऑफिसात क्लार्क म्हणून गेली. भिंतीपलीकडच्या वर्गातल्या कविता ऐकून ऐकून पाठ झाल्या. त्याचा उपयोग असा होतो. आज बरणी भरताना दोन ओळी आपोआप सुचल्या :

वेलदोड्याच्या कुशीत निजली साखर, गोरं बाळ,
दरवळ होउन जागी होइल अशीच एक सकाळ.

उत्तम. दमयंतीला फोनवर ऐकवणार होतो, पण तिला क्लास होता.

एक सुधारणाही सुचली. कूलरला नवा वाळा लावला आहे. झुळूक येते ती कशी सुगंधी! बरणी उघडी करून कूलरसमोर ठेवली. वेलदोड्यासोबत वाळ्याचाही वास साखरेत उतरेल. हे दमयंतीला आजवर सुचलं नव्हतं.

२२ मे, शुक्रवार.

साखरेचा दगड झाला. कूलरची ओल प्यायली सगळी. बरणी उपडी केली तरी साखर पडेना, बरणीच्या आकारात तशीच. खलबत्त्यातला बत्ता घेऊन ठोकली. साखर शाबूत, बरणी फुटली.

दोष कूलरचा. आमच्या इथं मे महिन्यात कूलर बंद ठेवायचा तर माणूस मुरेल, साखर नाही. धडा : ओल नको, ऊन हवं.

२४ मे, रविवार.

कैरीचा छुंदा उन्हात होतो, तर साखर का नाही? दुसरी बरणी भरली, तोंडाला मलमलचं फडकं बांधलं, गच्चीवर ठेवली. ऊन असं की चप्पल घालूनही पाय भाजले.

संध्याकाळी गेलो तर मुंग्या. शिस्तीत एका ओळीत. मी बराच वेळ बघत उभा राहिलो. शाळेत मुंग्यांच्या उद्योगावर एक कविता होती, तिची आठवण झाली. ती पूर्ण म्हणून होईपर्यंत उरलेल्या मुंग्याही आत गेल्या. सुलेखा वाळवण काढायला आली होती. म्हणाली, काका, बरणीखाली पाण्याची परात ठेवायची असती. म्हटलं, पाणी नळाला आठ-दहा दिवसांनी येतं, ते मुंग्यांना कुठून देऊ? म्हणाली, मुंग्यांना नाय हो, मुंग्यांसाठी. आणि हसत हसत खाली गेली.

२८ मे, गुरुवार.

वेळ कमी आहे. मुरवण्याचा नाद सोडला. दालचिनी कुटून साखरेत मिसळावी असं ठरवलं, तर मांडणीवर मागच्या बाजूला स्टीलचा डबा सापडला. आत तपकिरी पूड, खमंग. दालचिनीची तयार पूड! दमयंतीनं माझ्यासाठीच करून ठेवली असणार. बरण्यांना हात लावू नका म्हणाली, डब्याबद्दल काही बोलली नव्हती. बायकांचं प्रेम असं न बोलता असतं.

अर्धा डबा साखरेत घातला. पातेल्यात मीठ पसरून, त्यावर भांडं ठेवून पहिला ट्रायल केक. रंग सुंदर.

संध्याकाळ. सुलेखाला सॅम्पल दिलं. तिनं एक घास खाल्ला. मग माझ्याकडं बघितलं. मग डबा मागितला. वास घेतला. म्हणाली, काका, ह्ये येसर हाय. आमटीचं. काकूंनी धणे-मिरे-डाळी भाजून केलेलं. म्हटलं, मला माहीत आहे, प्रयोग आहे. म्हणाली, व्हय, लई तिखट प्रयोग हाय. तरी तिनं तो चहात बुडवून संपवला. चांगली आहे पोरगी, पण चव कळत नाही.

३० मे, शनिवार.

दमयंतीच्या वेलदोड्याच्या बरणीतून एक चमचा घेतला. फक्त वासाचा अंदाज यावा म्हणून. हात लावलेला नाही, चमचा लावला.

काय वास! संक्रांतीच्या आदल्या रात्रीचं स्वयंपाकघर आलं डोळ्यांपुढं. ती ओट्याशी उभी, मी खुर्चीत बसून कविता म्हणतोय. किती सुखाचे दिवस. ती मधेच म्हणाली होती, अहो, तेवढी परात द्या. मी दिली होती का ते आठवत नाही. कडवं मधे सोडता येत नाही.

जेवढी काढली तेवढी रेशनची साखर वरून घातली. बघणाऱ्याला कळणार नाही.

१ जून, सोमवार.

नानखटायांची पहिली खेप, या वेळी कुकरमध्ये. कुकरची शिट्टी आणि रबर काढून ठेवायची असते, हे व्हिडिओत फार पुढं सांगतात. शिट्टी छताला लागून खाली आली. मीठ सगळीकडं. सुलेखा धावत आली. तिनं आधी मला पाहिलं, मग गॅस बंद केला, मग छताकडं बघून म्हणाली, काका, कविताच करा तुम्ही.

हे मी कौतुक समजतो.

४ जून, गुरुवार.

दोन खेपा आणखी. वेलदोड्याची बरणी संपली. दालचिनीचीही. जायफळाची अर्ध्याच्या खाली. प्रत्येक वेळी बरोबर तेवढीच साधी साखर भरली आणि वेलदोडे, काड्या जागच्या जागी नीट मांडल्या. बाहेरून चारही बरण्या जशाच्या तशा.

रिझल्ट सुधारतो आहे. आजच्या नानखटाया गोल आहेत. थोड्या कडक. सुलेखा म्हणाली, दात माझे स्वतःचे हायेत म्हणून बरं. जावई तरुण आहेत, त्यांना चालतील.

वरची खोली झाडली. दमयंतीच्या उशीला नवा अभ्रा घातला.

७ जून, रविवार. रात्र.

तेहतीस झाल्या! चार बरण्यांतली खरी साखर त्यात गेली, पण कारणी लागली. डब्यात कागद घालून थर लावले. जावयांना शनिवारी, तेरा तारखेला बोलावलं आहे. वाणाचा दिवा लागतो, तो घासून ठेवला.

९ जून, मंगळवार.

हिमानीचा फोन. म्हणाली, बाबा, तेराला नाही जमणार, यांना सुट्टी नाही. म्हटलं, मग चौदाला. अधिक संपायला अजून दिवस आहेत. ती म्हणाली, बाबा, धोंड्याचं वाण झालं मागच्या रविवारी. आईनं इथंच केलं. अनारसे काय झाले होते! फोटो पाठवला होता की ग्रुपवर.

ग्रुप मी बघत नाही, त्यात फुलांचे फोटो येतात. आता उघडला. पाटावर श्रीरंगराव, पुढ्यात ताटभर अनारसे, एकही हसलेला नाही. दमयंती मागं उभी आहे. ती मात्र हसते आहे. साडी नवी दिसते.

मी हिमानीला म्हटलं, अगं पण वाण सासुरवाडीला द्यायचं असतं, आईच्या घरी. ती म्हणाली, बाबा, आईचं घर आता इथंच आहे ना.

घाईत बोलली. तिला मीटिंग होती.

११ जून, गुरुवार. सकाळ.

दमयंतीचा फोन आला!! तिचा, स्वतःहून. मी बनियनवर होतो, आधी शर्ट घातला.

पाणी आलं का विचारलं. गुडघा कसा आहे विचारलं. मी म्हटलं, तुझ्या उशीला नवा अभ्रा घातलाय. ती म्हणाली, बरं. मग म्हणाली, अहो, सुलेखा रविवारी पुण्याला येतेय भावाकडं, तिच्याकडं त्या चार बरण्या द्या. ऑर्डरी आहेत, साखर एव्हाना मुरली असेल.

मी शर्टाचं वरचं बटण लावलं. ती म्हणाली, हात नाही ना लावला?

म्हटलं, छे.

ही चांगली खूण आहे. तिला या घरातलं काहीतरी हवं आहे. सुरुवात अशीच होते. पाचवीच्या पुस्तकात एक पाखरू होतं, ते आधी एक काडी न्यायला येतं.

दुपार. पाचवीच्या पुस्तकातलं पाखरू ती काडी दुसऱ्या झाडावर नेतं. पुढचं कडवं आत्ता आठवलं.

१४ जून, रविवार.

सुलेखाला बरण्या दिल्या. सोबत नानखटायांचा डबा. तिनं बरणी उजेडात धरली, झाकण उघडलं, वास घेतला. झाकण घट्ट लावलं. मग म्हणाली, काका, तुम्हीच चला ना सोबत. भेटून या काकूंना. मी म्हटलं, घर उघडं टाकून कसं येऊ, उद्या पाणी यायचं आहे. ती म्हणाली, पाणी काय, मी काकूंचं म्हणते. तिची गाडी निघायची वेळ झाली होती, म्हणून विषय राहिला.

दमयंती नानखटाई खाईल. एका घासात तिला कळेल की कुणीतरी इथं ओट्याशी उभं होतं.

१५ जून, सोमवार. अधिक संपला.

दमयंतीचा फोन आला. ओरडेल असं वाटलं होतं. ओरडली असती तर बरं झालं असतं. पूर्वी चहात साखर कमी-जास्त झाली तरी आमचं वाजायचं. साध्या आवाजात म्हणाली, अहो, बरण्यांत साधी साखर आहे. मी सांगणार होतो, कूलर, ऊन, मुंग्या, सगळं क्रमानं. तर म्हणाली, असू द्या. मी नानखटायांबद्दल विचारलं. म्हणाली, कडक आहेत, पण चहात बुडवल्या की होतात मऊ. वॉचमनला आवडल्या.

मी म्हटलं, साखरेचं आता काय करशील, ऑर्डरी आहेत ना? म्हणाली, त्याचं काही नाही, इथं मी मोठ्या दहा बरण्या घातल्यात मुरायला. दिवाळीपर्यंत होतील.

फोन ठेवल्यावर ही वही मागं उलटली. सतरा मेचं पान वाचलं. त्यात मी एक नियम लिहिला आहे, बाई जिथं साखर मुरायला घालते त्याचा. दोनदा वाचला. चुकलेला नाही.

पाणी आलं नाही. हंड्यातलं घेऊन चहा ठेवला. डबे बघितले. साखर होती नव्हती ती सगळी त्या बरण्यांत भरून मीच पुण्याला पाठवली आहे.

चहा तसाच घेतला.